पाचव्या महिन्याची सोनोग्राफी : डॉक्टर एवढा वेळ नेमकं काय शोधत असतात?

वहिनीला 19वा आठवडा लागला तेव्हा तिच्याबरोबर सोनोग्राफीला मी गेले होते, दादाला सुट्टी मिळाली नव्हती आणि आईचे गुडघे दुखत होते. बाहेर नेहमीची गर्दी, भिंतीवर इथे गर्भलिंग निदान होत नाही असा मोठा बोर्ड, काउंटरवर आधार कार्डची झेरॉक्स, एफ फॉर्मवर (बाळाचं लिंग विचारणार नाही अशी हमी असलेला सरकारी फॉर्म) सही आणि मग दीड तास नंबरची वाट बघणं. आत गेल्यावर मॅडमनी पोटावर गार जेली लावली आणि त्यानंतर जवळपास 25 मिनिटं त्या आमच्याशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. मधूनच "ताई, डाव्या कुशीवर व्हा" आणि एकदा "बाळ पाठ करून झोपलंय, जरा बाहेर फेऱ्या मारून या, काहीतरी खाऊन या". वहिनीने माझा हात घट्ट धरला होता, तिच्या तळव्याला घाम सुटलेला मला कळत होता, कारण डॉक्टर गप्प झाले की आपल्याला वाटतंच की काहीतरी वाईट दिसलं असणार.

ती शांतता कशासाठी असते हे मला नंतर वाचून आणि विचारून कळलं, आणि ते प्रत्येक गरोदर बाईला आणि तिच्या घरच्यांना आधीच कुणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सोनोग्राफी म्हणजे फोटो नाही, ही पहिली गोष्ट. पोटात अंधारच असतो, तिथे प्रकाशही नाही आणि एक्स-रेही नाही. त्या हातातल्या प्रोबमध्ये असे स्फटिक असतात की ज्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि त्यांना थरथरवलं की ते वीज देतात, हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी 1880-81 मध्ये शोधला. आपल्या कानाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि हा प्रोब साधारण 30 ते 50 लाख कंपनांचा आवाज आत सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकत बसतो. शरीरात आवाज सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो, म्हणजे 10 सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षा जरासाच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळावरून मशीन ठरवतं की धडक कुठे झाली. हाडावर आवाज जोरात आपटतो म्हणून हाड पांढरंशुभ्र दिसतं, पाण्यातून तो सरळ निघून जातो म्हणून गर्भजल काळं, बाळाच्या पोटातला घोट काळा, मूत्राशय काळं. आणि जेली कशासाठी, तर प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो, आत काही जातच नाही.

ही सगळी कल्पना कारखान्यातून आलीय हे वाचून मला फार नवल वाटलं होतं. स्कॉटलंडमधलं ग्लासगो म्हणजे जहाजांचं आणि बॉयलरचं गाव, तिथे लोखंडात आतून तडा आहे का हे बघायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरायचे. तिथले प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून जवळच्या एका बॉयलर कारखान्यात घेऊन गेले, तुलनेसाठी कारखान्यात मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता, आणि त्या यंत्रावर पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ वेगळी ओळखता येते हे त्यांनी स्वतः बघितलं. पुढे इंजिनिअर टॉम ब्राऊन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांच्याबरोबर त्यांचा पेपर 1958 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी दाखवून दिलं होतं की गरोदरपणात आईच्या पोटाचे एक्स-रे काढले तर त्या मुलांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे एक्स-रेशिवाय आत बघायचा मार्ग सापडणं ही किती मोठी गोष्ट होती ते लक्षात येतं. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच, तरी नियम असा आहे की गरजेपुरतीच करायची, हौस म्हणून तासभर बघत बसायचं नाही.

पुढे 1972 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर स्टुअर्ट कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीचा वरचा भागच तयार न झालेलं बाळ सोनोग्राफीवर लवकर ओळखलं आणि तिथून हे व्यंग शोधायचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आता मॅडम शोधतात काय ते बघू. 19-20 आठवड्यांचं बाळ असतं 300 ग्रॅमच्या आसपास आणि त्याचं हृदय असतं बोराएवढं, जे मिनिटाला 140-150 वेळा धडधडतंय आणि बाळ शिवाय लाथा मारतंय, कूस बदलतंय. त्या बोराएवढ्या हृदयात चार कप्पे नीट आहेत का, मधली भिंत आहे का, झडपा उघडतात का हे बघायचं. पण चार कप्पे दिसले म्हणून काम संपत नाही, आणि इथेच मला या तपासणीचं खरं कसब दिसतं. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, एक फुफ्फुसाकडे आणि एक सगळ्या शरीराकडे, आणि निघताना त्या एकमेकींना कात्रीसारख्या ओलांडतात. काही बाळांमध्ये या दोन्ही अदलाबदल झालेल्या असतात. अशा बाळाचे चारही कप्पे एकदम व्यवस्थित दिसू शकतात, फक्त प्रोब जरा डोक्याकडे तिरका केला की दोन्ही वाहिन्या एकमेकींना न ओलांडता शेजारी शेजारी समांतर जाताना दिसतात, आगगाडीच्या रुळांसारख्या. पोटात असेपर्यंत त्या बाळाला काहीही त्रास नसतो कारण ऑक्सिजन वारेतून (प्लासेंटातून) येतोय. जन्मल्यावर मात्र थोड्याच वेळात ते निळं पडायला लागतं, आणि कुणाला कल्पनाच नसेल तर पुढची धावपळ ॲम्ब्युलन्समध्ये होते. आधी माहीत असेल तर बाळंतपण हृदयाचं ऑपरेशन होतं अशाच हॉस्पिटलमध्ये ठरवता येतं, जन्मल्याबरोबर औषधाचं ड्रिप लावून एक छोटी रक्तवाहिनी उघडी ठेवता येते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करून वाहिन्या जागेवर लावता येतात, ही मुलं पुढे शाळेत जातात, खेळतात. म्हणून लोक जेव्हा म्हणतात ना की व्यंग कळून करायचं काय, पाडायचंच ना, तेव्हा मला हे उदाहरण सांगावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट मणक्याची. कधीकधी पाठीच्या कण्याची नळी नीट मिटत नाही, खाली कमरेजवळ एक छोटी फट राहते. ती फट इतकी बारीक असू शकते आणि बाळ पाठ खाली करून असं पडलेलं असतं की सरळ बघून ती निसटते. मग डॉक्टर बघतात डोकं! कारण त्या फटीतून मेंदूभोवतालचं पाणी झिरपतं आणि मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो, त्यामुळे छोटा मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो आणि कपाळाची हाडं दोन्ही बाजूंनी आत दबून डोक्याचा आकार लिंबासारखा होतो. आपल्या कागदी लिंबासारखा गोल नाही हं, परदेशात मिळतं ते टोकाला निमुळतं लिंबू. लंडनमधले डॉक्टर किप्रोस निकोलायडिस आणि वर सांगितलेले कॅम्पबेल यांच्या गटाने 1986 मध्ये हे मांडलं आणि तेव्हापासून जगभरचे डॉक्टर कमरेतली फट शोधायला डोक्यात केळं आणि लिंबू शोधतात. आणि ही नळी गर्भ राहिल्यापासून 4 आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नुकतं लक्षात येतंय तोवर तो विषय संपलेला असतो, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात, तिसऱ्या महिन्यात सुरू करून या बाबतीत उपयोग नाही.

बाकी यादी मोठी आहे, वरचा ओठ, जठर डाव्या बाजूलाच आहे का, दोन किडन्या, मूत्राशय भरतंय-रिकामं होतंय का, हातापायाची हाडं, पोटाची भिंत पूर्ण मिटलीय का, नाळेत तीन वाहिन्या आहेत का, वार कुठे आहे, पाणी किती. एकेक बघायचं, मोजायचं, फोटो घ्यायचा. यात बोलायला वेळ कुठून मिळणार.

याच्या आधीची एक सोनोग्राफी असते 11 ते 13 आठवड्यांची, एनटी स्कॅन म्हणतात तो. त्यात बाळाच्या मानेमागच्या कातडीखाली साठलेलं पाणी मोजतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. ते प्रमाणापेक्षा जास्त असेल तर डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा दोष) किंवा हृदयाच्या दोषाची शक्यता वाढते. रक्ताची डबल मार्कर टेस्ट त्याला जोडली की डाऊन सिंड्रोमच्या 100 बाळांपैकी 85 ते 90 बाळांच्या बाबतीत धोक्याचा इशारा मिळतो. पण हा नुसता इशारा, निदान नाही. खात्री करायला गर्भजल काढून गुणसूत्रं तपासावी लागतात. आणि 14 आठवड्यांनंतर ते मानेमागचं पाणी ओसरत जातं, मग त्या मोजमापाला अर्थ उरत नाही. एक-दोन आठवडे उशीर झाला की ती संधी गेली.

आता जे दिसत नाही त्याबद्दलही सांगते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बाळ शंभर टक्के ठणठणीत अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. युरोपातल्या बऱ्याच हॉस्पिटल्सनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास 1999 मध्ये आला, त्यात व्यंग असलेल्या दर 100 बाळांपैकी 61 बाळं सोनोग्राफीत ओळखली गेली होती. मेंदू आणि मणक्याच्या बाबतीत आकडा 88 टक्के आणि हृदयाचे मोठे दोष मात्र 40 टक्क्यांच्याही खाली. मशीन त्यानंतर खूप सुधारली, तरी बहिरेपणा, ऑटिझम, थॅलेसेमिया या गोष्टी आकारात नसतात, त्या आवाजाने कशा दिसणार? हृदयाच्या भिंतीतलं बारीक छिद्र निसटतं, नुसती टाळू दुभंगलेली असेल तर निसटते, आणि काही दोष तर सातव्या महिन्यातच आकाराला येतात, पाचव्या महिन्यात ते नसतातच. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल तर चित्र धूसर येतं. बाळाला व्यंग निघालं की डॉक्टरला मारायला धावणारे नातेवाईक मी बघितलेत, त्यांना हे कुणी आधी समजावून सांगितलेलं नसतं.

याच्या उलट, काही नसताना घाबरून जायचं, हे आमच्याच घरात झालं. वहिनीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती, हृदयाच्या डाव्या कप्प्यात एकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस. मॅडमनी सांगितलं होतं की काळजीचं नाही, पण घरी फोन गेला, फोनवरून मावशीकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत "बाळाच्या हृदयात ठिपका"चं "बाळाच्या हृदयाला भोक" झालं होतं. वहिनी जेवली नाही. आई देवापुढे बसून राहिली. तो ठिपका म्हणजे काय, तर हृदयातल्या झडपेला धरून ठेवणाऱ्या स्नायूवर कॅल्शियमचा एक कण, त्याच्यावर आवाज जोरात आपटतो म्हणून तो हाडासारखा पांढरा चमकतो. 100 नॉर्मल गरोदर बायकांमध्ये 3 ते 5 जणींच्या बाळात तो दिसतो, आशियाई बायकांमध्ये थोडा जास्तच, आणि हृदयाच्या कामावर त्याचा काही परिणाम नाही. बाकी सगळं ठीक असेल आणि आधीच्या टेस्ट चांगल्या असतील तर त्याच्यासाठी काहीच करायचं नसतं. दादाने रात्री मॅडमना फोन केला, त्यांनी वहिनीला फोनवर घेऊन 10 मिनिटं समजावलं, तेव्हा कुठे ती झोपली. भाचा आता तीन वर्षांचा आहे.

काही गंभीर दिसलंच तर वेळ मात्र भराभर जातो. बाळाच्या हृदयाची वेगळी इको, म्हणजे फक्त हृदयाची सोनोग्राफी, करायची, गर्भजल तपासायचं, त्याच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांची अपॉइंटमेंट, आणि नवरा-बायकोला नुसतं बसून विचार करायलाही दिवस लागतात. आपल्याकडे 1971 च्या गर्भपात कायद्यात 20 आठवड्यांची मुदत होती, 2008 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयाचा गंभीर दोष ही मुदत उलटल्यावर कळला आणि त्यांना हायकोर्टाने परवानगी दिली नाही, त्यावर देशभर चर्चा झाली. 2021 पासून गंभीर व्यंग असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत, आणि त्यापुढे मेडिकल बोर्डाने तसं निदान केलं तर परवानगी मिळते. निर्णय काय घ्यायचा तो त्या आईचा, पण विचार करायला तिच्या हातात दिवस तर पाहिजेत.

आणि याच मशीनने आपल्याकडे मुली मारल्या, ते विसरता येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये, केंद्राचा 1994 मध्ये आला, तरीही 2001 मध्ये आपल्या राज्यात 0 ते 6 वर्षांच्या 1000 मुलग्यांमागे 913 मुली होत्या त्या 2011 मध्ये 894 झाल्या. त्यामुळे एफ फॉर्म भरताना कटकट वाटली तरी तो फॉर्म का आहे ते मला पटतं.

त्या दिवशी आमच्या शेजारी बाकावर एक मुलगी बसली होती, बावीस-तेवीसची असेल, सासूबरोबर एसटीने आली होती. काउंटरवरच्या ताईंनी तिला आधीचे रिपोर्ट मागितले तर नव्हतेच. 28वा आठवडा चालू होता आणि ही पहिलीच सोनोग्राफी. या महिन्यात बाळाची वाढ बघता येते, पाणी बघता येतं, वार बघता येते, पण हाडं पक्की झाल्याने त्यांची सावली पडते आणि बाळ दाटीवाटीने बसलेलं असतं, त्यामुळे हृदय आणि मणका पाचव्या महिन्याइतका मोकळा मिळत नाही. "अगं, पाचव्या महिन्यात का नाही आलीस?" ताईंनी विचारलं. ती सासूकडे बघून हळूच म्हणाली, "तेव्हा काही त्रास होत नव्हता ना."