जॉन्सन, बेन

बेन जॉन्सन (१३ जून १९१८ – ८ एप्रिल १९९६) : अमेरिकन काउबॉय, रोडिओपटू (रोडिओ म्हणजे घोडेस्वारी आणि गुरे पकडण्याच्या काउबॉयी स्पर्धा) आणि चित्रपट अभिनेते. रोडिओतले विश्वविजेतेपद आणि अभिनयाचे ऑस्कर ही दोन्ही नावावर असलेले ते एकमेव. वेस्टर्न चित्रपटांसाठी घोड्यावर बसायला शिकलेले नट पुष्कळ झाले. जॉन्सन मुळातच गुरांमागे फिरणारे, आणि घोडा सांभाळता सांभाळता कॅमेऱ्यासमोर आलेले.

त्यांचा जन्म ओक्लाहोमा राज्यातील ओसेज परगण्यात, फोरेकर या खेड्यात झाला. पुरुषभर गवताची कुरणे आणि मोठमोठ्या रँच (गुरे पाळण्याचे विस्तीर्ण मळे) यांचा हा मुलूख. वडिलांचेही नाव बेन जॉन्सनच. ते चॅपमन-बर्नार्ड रँचवर मुकादम होते आणि रोडिओत त्यांचा दबदबा होता. मुलगाही तिथेच कामाला लागला. १९४० मध्ये चित्रपट निर्माते हॉवर्ड ह्यूज यांनी ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी त्या भागातून घोडे विकत घेतले आणि ते पोहोचवण्याचे काम जॉन्सन यांच्यावर सोपवले. ‘घोड्यांच्या डब्यात बसून मी हॉलिवूडला आलो,’ असे ते पुढे आवडीने सांगत. रँचवर दिवसाला एक डॉलर मिळायचा. इकडचा पहिला चेक ३०० डॉलरचा होता. परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. १९४१ मध्ये त्यांनी कॅरल जोन्स यांच्याशी लग्न केले. कॅरल यांचे वडील हॉलिवूडला घोडे पुरवणारे. हा संसार १९९४ मध्ये कॅरल यांच्या निधनापर्यंत टिकला.

पहिली काही वर्षे त्यांनी घोडे सांभाळले, स्टंट केले आणि जॉन वेन, जेम्स स्ट्युअर्ट, गॅरी कूपर अशा नटांचे डुप्लिकेट म्हणून काम केले. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या ‘फोर्ट अपाची’ (१९४८) या चित्रपटाच्या चित्रीकरणात तीन माणसे असलेली गाडी घेऊन घोडे उधळले. जॉन्सन यांनी आपला घोडा पुढे काढून ती गाडी थांबवली. फोर्डनी बक्षीस देण्याचा शब्द दिला. पुढे हातात पडले ते सात वर्षांचे करारपत्र. आठवड्याला ५,००० डॉलर हा आकडा दिसताच जॉन्सननी पुढचे न वाचता सही केली.

या कराराचे चीज ‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९), ‘वॅगन मास्टर’ (१९५०) आणि ‘रिओ ग्रांडे’ (१९५०) या चित्रपटांत झाले. ‘रिओ ग्रांडे’मध्ये त्यांनी शेजारी धावणाऱ्या दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून, उभ्याने घोडे पळवले आहेत. गुडघे किंचित वाकलेले, खांदे सैल, लगाम हातात आणि चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. डुप्लिकेट लपवण्यासाठी कॅमेऱ्याला दूर जावे लागत नाही, की मध्येच दृश्य तोडावे लागत नाही. या दृश्यांची खरी श्रीमंती तीच आहे. त्याच चित्रपटाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर फोर्ड आणि त्यांच्यात शब्दाला शब्द लागला. जॉन्सन नमले नाहीत. १९६४ च्या ‘शायन ऑटम’पर्यंत फोर्डच्या चित्रपटांत ते दिसले नाहीत.

१९५३ मध्ये ते वर्षभर रोडिओत उतरले आणि टीम रोपिंग या प्रकारात जगज्जेते ठरले. यात दोन घोडेस्वार एका तरण्या बैलामागे सुटतात. पहिला शिंगांत फास टाकतो, दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळतो आणि बैलाला वळवतो; दुसरा मागच्या दोन्ही पायांत फास अडकवतो. एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड बसतो. दोर आणि खुंट यांच्यामध्ये अंगठा सापडला, तर तो गेलाच म्हणून समजा. विजेतेपद मिळाले, पैसा मात्र नाही. वर्षाअखेरीस जवळ तीन डॉलरही उरले नव्हते, मोटार खिळखिळी झाली होती आणि बायको संतापली होती, असे ते सांगत. ते पुन्हा चित्रपटांकडे वळले. सॅम पेकिनपा यांच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मधला त्यांचा टेक्टर गॉर्च हा दरोडेखोर त्यांच्या आधीच्या सरळमार्गी भूमिकांहून फार वेगळा होता.

पीटर बोग्दानोविच यांच्या ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) मधली सॅम द लायन ही भूमिका त्यांनी आधी नाकारली होती. संवाद फार होते आणि त्यांत शिव्याही होत्या. बोग्दानोविचनी फोर्डना मध्ये घातले. फोर्डचा शब्द मोडवेना, तेव्हा जॉन्सन तयार झाले. पण शिव्या गाळण्याच्या अटीवर. टेक्सासमधल्या ओस पडत चाललेल्या गावात सिनेमागृह, कॅफे आणि बिलियर्डचा अड्डा चालवणारा हा म्हातारा पडद्यावर जेमतेम दहा मिनिटे दिसतो. तळ्याकाठी बसून तो तरुणपणी आपल्यासोबत इथे पोहायला आलेल्या एका स्त्रीची आठवण सांगतो. आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. कमी बोलणाऱ्या माणसाने एवढे बोलावे, यातच त्या प्रसंगाचे बळ आहे. एखाद्या कसलेल्या रंगभूमीनटाला हे इतके साधे ठेवणे जमले असते, असे वाटत नाही. या भूमिकेसाठी त्यांना १९७२ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

त्यानंतर ‘डिलिंजर’ (१९७३) आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘द शुगरलँड एक्सप्रेस’ (१९७४) यांतही त्यांच्या भूमिका लक्षात राहिल्या. कामे अखेरपर्यंत येत राहिली. ॲरिझोनातील मेसा येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांची आई हयात होती. ओसेज परगण्यातील पॉहस्का येथे त्यांचे दफन झाले. २०१९ मध्ये त्याच गावात त्यांच्या नावाचे काउबॉय संग्रहालय सुरू झाले.