कानाचं मशीन घेतलं, पण तोल कोणी तपासला का?

रात्री लाईट गेली तर घरातल्या घरात नीट चालता येतं का, की भिंत धरावी लागते? मशीन घ्यायला आलेल्या पेशंटला मी हे विचारते तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतच राहतो. ऐकू येत नाही म्हणून आलोय, लाईटचा इथे काय संबंध. मग सोबत आलेली बायको किंवा मुलगी सांगते, अहो हो, हल्ली अंधारात भिंत धरूनच जातात, आम्हाला वाटलं वय झालं.

वय असेलही, पण कान पण असू शकतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया असते, ती ऐकायचं काम करते हे बहुतेकांना माहीत असतं, पण तिला अगदी चिकटून तोलाचे पाच छोटे अवयव असतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, डोकं कुठल्या दिशेला फिरतंय ते सांगणाऱ्या, आणि युट्रिकल आणि सॅक्युल नावाच्या दोन पिशव्या, ज्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे म्हणजे आपल्या चुनखडीचेच बारीक खडे असतात, ते खाली ओढले जातात म्हणून मेंदूला वर कुठे आणि खाली कुठे ते कळतं. हे सगळं एकाच हाडात, आतलं पाणी एकच, केसासारखे टोक असलेल्या पेशी पण एकाच जातीच्या, आणि मेंदूकडे जाणारी आठवी नस पण दोघांची मिळून एकच. त्यामुळे शेजारच्या घराला आग लागली की आपल्या भिंतीला झळ बसणारच. मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली, आईला गरोदरपणात सीएमव्ही नावाच्या व्हायरसचं इन्फेक्शन झालं, जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं घ्यावी लागली, की दोन्हीकडे नुकसान होऊ शकतं. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन सर्रास द्यायचे, ते तर ऐकण्यापेक्षा तोलाच्या भागालाच जास्त मारतं.

मग कळत कसं नाही? कारण लोक चक्कर येण्याची वाट बघत बसतात. एका बाजूचा कान अचानक बिघडला तर घर गरगरा फिरतं, उलट्या होतात, माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे जातो. पण दोन्ही बाजू हळूहळू किंवा जन्मापासूनच गेलेल्या असतील तर डावी-उजवीत फरकच राहत नाही, चक्कर येतच नाही. मेंदू डोळ्यांवर आणि पायांच्या सांध्यांवर भागवून नेतो आणि दिवसाउजेडी सपाट जमिनीवर कोणाला पत्ता लागत नाही. तक्रार असते पण वेगळीच, म्हणजे चालता चालता दुकानाची पाटी वाचता येत नाही, थांबलं की लगेच वाचता येते. हे कोणी सांगितलं की मी चष्म्याचा नंबर नंतर बघू म्हणते, आधी तोलाची टेस्ट.

चक्कर न येणं हीच खूण, हे खूप जुनं निरीक्षण आहे. 1882 साली हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी कर्णबधिर लोकांना गोल फिरवल्यावर गरगरतं का याचा अभ्यास छापला. 519 जणांपैकी 186 जणांना अजिबात चक्कर येत नव्हती आणि तुलनेसाठी घेतलेल्या जवळपास 200 ऐकू येणाऱ्या विद्यार्थी आणि शिक्षकांमध्ये असा एकच सापडला. पुढे 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नौदलाला आणि नासाला अंतराळवीरांच्या मळमळीची काळजी लागली तेव्हा त्यांनी गॅलॉडेट कॉलेज या कर्णबधिरांच्या कॉलेजातून 11 पुरुष निवडले, त्यातल्या 10 जणांचे कान मेनिन्जायटिसमध्ये गेलेले होते. चौघांना तर सतत फिरणाऱ्या 20 फुटी खोलीत सलग 12 दिवस ठेवलं. नोव्हा स्कोशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं तेव्हा हे लोक निवांत पत्ते खेळत होते आणि संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग बंद करावा लागला. माणूस अंतराळात गेला त्यात या अकरा जणांचा वाटा आहे, आणि त्यांची नावं आपल्याकडे कोणालाच माहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता टेस्टविषयी. सगळ्यात जुनी कॅलोरिक टेस्ट, व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांची, ज्यांना 1914 चं नोबेल मिळालं. कान धुताना पाणी गार किंवा गरम असलं की पेशंटला गरगरतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून टेस्ट तयार झाली. पेशंटला झोपवून कानात 30 आणि मग 44 अंशाचं पाणी सोडतात, म्हणजे शरीरापेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त. आतल्या कानाच्या नळीतलं पाणी गार-गरम होऊन हलायला लागतं, डोकं फिरतंय असं मेंदूला वाटतं आणि डोळे आपोआप एका बाजूला झटके मारायला लागतात, ते गॉगलमधला कॅमेरा मोजतो. कुठला कान काम करतो आणि कुठला नाही ते वेगवेगळं कळतं. फक्त ज्यांचा कान वाहतो, पडद्याला भोक आहे, त्यांना पाणी चालत नाही, तिथे हवा वापरायची, आणि ऐकू कमी येणाऱ्यांमध्ये असे पेशंट आपल्याकडे भरपूर असतात त्यामुळे टेस्टच्या आधी कानात बघणं मस्ट.

दुसरी व्हिडिओ हेड इम्पल्स, मला ही फार आवडते कारण पाच-दहा मिनिटांत होते. पेशंटने भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आम्ही मागून डोकं पकडून अचानक थोडंसं, 10-20 अंश, झटकन वळवतो. कान चांगला असेल तर सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात डोळे तितकेच उलट्या दिशेला फिरतात आणि नजर ठिपक्यावरच राहते, कान गेलेला असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून परत ठिपक्यावर येतात. ती उडीच आम्ही शोधत असतो. पाटी का वाचता येत नाही त्याचं उत्तर पण हेच.

तिसरी वेम्प, आणि ही ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. कानात जोरात ठक ठक आवाज सोडायचा आणि मानेच्या ताणलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून बघायचं की आवाजासरशी तो स्नायू क्षणभर ढिला पडतो का. हा आवाज कॉक्लिया नाही, सॅक्युल पकडतं. माशांमध्ये तर सॅक्युलच ऐकायचं काम करतं, आपल्यात त्याची ती जुनी सवय थोडी शिल्लक आहे. म्हणून ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टच्या आलेखावर, संपूर्ण बहिरा दिसणारा कान पण, ज्याला त्या आवाजातलं काहीही ऐकू आलेलं नाही, मानेतून व्यवस्थित उत्तर देऊ शकतो. उलटं पण होतं, नस छान आहे पण मधल्या कानात पाणी भरलंय, तर आवाज आत पोचतच नाही आणि रिपोर्ट खोटाच खराब येतो. तेव्हा कानामागच्या हाडावर कंपन देऊन टेस्ट करायची. हा फरक न बघता कोणी ‘सॅक्युल गेलं’ असं लिहून दिलं असेल तर दुसरीकडे दाखवा.

लहान मुलांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची आई सांगते, मान उशिरा धरली, बसला उशिरा, चालायला दीड वर्ष उलटून गेलं, आणि आजी म्हणते आमच्याकडे सगळेच उशिरा चालतात. नाही हो आजी, हे कानाचं असू शकतं. अशा मुलांमध्ये तोलाचा दोष किती जणांना असतो त्याचे आकडे अभ्यासानुसार 20 पासून 70 टक्क्यांपर्यंत जातात, कारण कारणं वेगळी आणि टेस्ट वेगळ्या, पण 20 धरले तरी पाचातलं एक मूल झालं. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये 2018 पासून ऐकू न येणाऱ्या बाळांची सहाव्या महिन्यातच हाडावरच्या कंपनाने वेम्प करायला सुरुवात झाली, बाळ आईच्या मांडीवर असतानाच. आपल्याकडे अजून बेराचा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट आला की सगळं लक्ष मशीनवर आणि इम्प्लांटवर, म्हणजे कॉक्लियात तार बसवायच्या ऑपरेशनवर.

आणि इम्प्लांटच्या आधीच ही टेस्ट हवी. कॉक्लियात तार घालताना सगळ्यात जवळचं सॅक्युल दुखावलं जाऊ शकतं. समजा मुलाचा फक्त उजवीकडचाच तोल शिल्लक आहे आणि कोणी न बघता उजव्याच कानाचं ऑपरेशन केलं तर? सर्जनला आधी माहीत असेल तर बाजू विचार करून ठरवता येते. तोल नसलेली मुलं जास्त पडतात, डोकं आपटतं, आणि त्यांच्यात इम्प्लांट बिघडण्याचं प्रमाण पण जास्त दिसलंय. शिवाय अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरं, तोल जवळपास नाही, आणि पुढे हळूहळू रातांधळेपणा येऊन नजर पण कमी होत जाते. तोलाच्या टेस्टमुळे संशय लवकर आला तर जेनेटिक टेस्ट करून डोळे चांगले असतानाच पुढची तयारी करता येते.

पोहण्याचं तर आत्ताच सांगते. पाण्याखाली डोळ्यांना धूसर दिसतं, पायाला जमीन नाही, वर कुठे ते सांगायला फक्त कान उरतो. तोच नसेल तर पट्टीचा पोहणारा पण खालच्या दिशेला हात मारत जाऊ शकतो. सुट्टीत गावाला गेल्यावर सगळी पोरं विहिरीत उड्या मारतात, ऐकू न येणाऱ्या मुलाला तोल तपासल्याशिवाय त्यांच्यात सोडू नका, आणि नंतर पण सोबत मोठं माणूस हवंच.

या टेस्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅलोरिकला पेशंटचे डोळे गॉगलने झाकलेले, मशीन काढून ठेवलेलं, म्हणजे ना आवाज, ना ओठ दिसत, ना खुणा. ऐकू येणाऱ्याला आपण मधेमधे विचारत राहतो, भाज्यांची नावं सांगा, शंभरातून सात वजा करा, कारण मेंदू सुस्तावला की डोळ्यांचे झटके दबतात आणि चांगला कान पण खराब दिसतो. इथे ते जमत नाही, म्हणून गॉगल घालायच्या आधीच स्पर्शाच्या खुणा ठरवून घ्यायच्या, खांद्यावर एक टॅप म्हणजे पाणी सुरू, दोन म्हणजे संपलं. मागे एका बारा वर्षांच्या मुलाची टेस्ट करताना स्क्रीनवर रेघ सरळच येत होती, मी जवळजवळ लिहूनच टाकणार होते की प्रतिसाद नाही. मग त्याच्या तळहातावर बोटाने आकडे काढायला लागले, त्याने ते ओळखून बोटं दाखवायची असं आधी ठरलं होतं. चार काढला, त्याने चार बोटं दाखवली, मग आठ काढला, तो विचार करत थांबला, आणि तेवढ्यात स्क्रीनवर डोळे टकटक टकटक करत झटके मारायला लागले.