बँक खातं चालवायला १८ वर्षं पूर्ण असावी लागत नाहीत

‘१८ पूर्ण झाल्याशिवाय मुलांना बँकेत स्वतः व्यवहार करता येत नाही’ हा समज अजून घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच १० वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवायची मुभा दिली. एप्रिल २०२५ च्या सूचनांतही ती कायम आहे. रकमेची मर्यादा किती, एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. शिल्लक असेल तेवढेच पैसे काढता येतात, म्हणजे उधारीची भीती नाही.

भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे आईच्या कपाटात कशाला? मुलीलाच स्लिप भरू द्या, अक्षरी रक्कम लिहू द्या, पासबुकात व्याजाची नोंद शोधू द्या.

आणि हो, १० वर्षांहून लहान मुलांच्या खात्याला पालक म्हणून आईही चालते. वडीलच हवेत असं नाही.