एचपीव्हीचा न्याय प्रोस्टेटला लावू नका

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्हीवरची लस जानेवारी 2023 मध्ये आली आणि शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या या विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे पुण्यातल्या घरांत जरा मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं. चांगलंच झालं. पण त्यामागोमाग आणखी एक समज शिरला: बायकांना संसर्गातून गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, तसा पुरुषांना गुप्तरोगातून प्रोस्टेट ग्रंथीचा होतो. मग तळजाईवर रोज फिरायला येणाऱ्या एखाद्या काकांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला आकडा, वाढलेला निघाला, की त्यांच्या तरुणपणाबद्दल कुजबुज सुरू होते. कधी घरातसुद्धा.

पहिल्या कर्करोगाची गोष्ट सरळ आहे. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने 1980च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये एचपीव्हीचे 16 आणि 18 हे प्रकार शोधले. 2008 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत हा विषाणू सापडतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यांना धोका. त्याची दोन प्रथिनं पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणाच बंद पाडतात. आणि विषाणू अडवला की कर्करोगही अडतो: स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडचा दाखलाही आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. विषाणू, यंत्रणा, प्रतिबंध अशी अख्खी साखळी इथे जुळते.

प्रोस्टेटच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला अडखळते.

शंका घ्यायला जागा होती, हे मान्य. मूत्राशयाच्या खालच्या या ग्रंथीमधून मूत्रनलिका जाते, त्यामुळे जंतूंना वर चढायला वाट आहे. ग्रंथीत दीर्घकाळ सूज राहिली तर पेशींना इजा होते, आणि सुजेतून कर्करोग होण्याची उदाहरणं जठरात आणि यकृतात आहेतच. जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा परमा (गनोरिया) किंवा गरमी (सिफिलिस) होऊन गेल्याचं सांगणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग थोडा जास्त दिसलाही. ‘थोडा’ म्हणजे बहुतेक हिशेबांत दीडपटीच्या आतबाहेर. पण त्यातले बरेच अभ्यास रुग्णांना ‘पूर्वी कधी काही झालं होतं का?’ असं विचारून केलेले होते. कर्करोगाचं निदान झालेला माणूस स्वतःचा भूतकाळ जितका खणून काढतो, तितका धडधाकट माणूस काढत नाही.

मग साठवलेल्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा, तपासायला सुरुवात झाली. ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधांतून पसरणारा परजीवी पुरुषांत बहुधा काहीच लक्षण न दाखवता राहतो. अमेरिकेतल्या 2006 आणि 2009 च्या दोन अभ्यासांत त्याचा धागा दिसला. दुसऱ्यात तो प्रामुख्याने जीवघेण्या, पसरलेल्या कर्करोगाशी होता. त्यावर बातम्या झाल्या. पुढच्या अनेक अभ्यासांत तो धागा सापडला नाही, याच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत.

एक्सएमआरव्ही या विषाणूची कथा तर डिटेक्टिव्ह गोष्टीसारखी आहे. 2006 मध्ये प्रोस्टेटच्या गाठींत हा नवा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं आणि ‘प्रोस्टेटचा एचपीव्ही’ मिळाला असं अनेकांना वाटलं. पुढे उलगडलं ते असं: 1990च्या दशकात प्रयोगशाळेत मानवी गाठ उंदरांमध्ये वाढवताना उंदरांच्या जनुकांतले दोन तुकडे जुळून हा विषाणू तिथेच तयार झाला होता, आणि नमुने दूषित करत फिरत होता. रुग्णांना त्याची लागण झालेलीच नव्हती. 2012 मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला.

आता सगळ्यात फसवी बाब: पीएसए. ही चाचणी कर्करोगाची नाही, ती प्रोस्टेटमधून रक्तात झिरपणारं एक प्रथिन मोजते. ग्रंथी सुजली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, वयानुसार ती मोठी झाली, तरी आकडा चढतो. म्हणजे संसर्ग झालेल्याचा पीएसए वाढतो, म्हणून त्याची बायोप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणी) होते, आणि म्हातारपणी अनेक पुरुषांत निमूट पडून असलेली, कधीच त्रास न देणारी छोटी गाठ त्यात सापडते. ज्या चौकात कॅमेरे जास्त, त्या चौकात सिग्नल तोडणारे जास्त सापडतात, तसं हे आहे. हा फरक एका मोठ्या चाचणीतून तपासता आला. 1993 मध्ये सुरू झालेल्या, 18 हजारांहून जास्त पुरुषांच्या अमेरिकी औषधचाचणीत शेवटी पीएसए कितीही असला तरी सगळ्यांना बायोप्सी करून घ्यायला सांगितलं गेलं. त्या पुरुषांच्या रक्तात ट्रायकोमोनासची प्रतिपिंडं शोधली, तर कर्करोग असलेल्यांत ती जास्त नव्हती. माझ्या मते तुलनेचा निकाल इथेच लागतो.

म्हणून गुप्तरोग किरकोळ ठरत नाहीत. उपचार न केलेल्या परम्याने मूत्रमार्ग आकसू शकतो, वंध्यत्व येऊ शकतं, एचआयव्हीची लागण सोपी होते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि जोडीदारावरही उपचार करावे लागतात. मुलांना एचपीव्हीची लस द्यायलाही सबळ कारण आहे: गुदद्वार, शिश्न आणि घशाचे काही कर्करोग या विषाणूमुळे होतात. प्रोस्टेट त्या यादीत नाही.

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये पीएसए 4 च्या वर आला, तर आधी लघवीत जळजळ, ताप, जंतुसंसर्ग आहे का ते बघतात. ज्येष्ठांमध्ये असा संसर्ग बहुतेकदा आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंचा असतो, त्याचा शरीरसंबंधांशी संबंध लागत नाही. उपचारानंतर सहा-आठ आठवडे थांबून चाचणी पुन्हा करतात. त्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकलिंग टाळायला सांगतात. आकडा तरीही वरच राहिला, तर एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी. तेव्हा डॉक्टर वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग होता का, हे विचारतील, कारण तसं असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो. आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही सांगावं. बीआरसीए 2 जनुकातला दोष असेल तर तो त्या घरातल्या पुरुषांच्या प्रोस्टेटपर्यंतही पोचतो.