पेल एलला गुण देण्याआधी

आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा नागपुरात कुणाच्या तरी घरी जमतो, पुण्याहून आलेली एखादी क्राफ्ट बिअर उघडतो आणि तिला रीतसर गुण देतो. कागदावर पाच रकाने असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला जडपणा-हलकेपणा ५ आणि एकूण मत १०. बेरीज ५०. मार्चमध्ये पेल एल होती. वासाच्या रकान्यात एकानं ‘ग्रेपफ्रूट’ (पपनसासारखं आंबट-कडू फळ) लिहिलं, तसा दुसरा उखडला, ‘अबे, तू कधी खाल्लं ग्रेपफ्रूट?’ कुणीच खाल्लं नव्हतं. मग हा शब्द आमच्या कागदावर आला कुठून, याचा माग काढत गेलो आणि थेट इंग्लंडच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचलो.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. पेल म्हणजे फिकट आणि एल हा बिअरचा एक प्रकार, पण ही बिअर आजच्या लागरशेजारी, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरशेजारी, ठेवली तर तांबूस दिसते. मग फिकट कशाच्या मानाने? बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि भट्टीवर सुकवायची, की झालं माल्ट. पूर्वी भट्टीत बहुतेक लाकूड जळायचं. त्याची आच आवरणं कठीण, त्यामुळे माल्ट तपकिरी व्हायचं आणि त्याला धुराचा वास लागायचा. दगडी कोळशातला धूर आधीच काढून टाकला की कोक उरतो. तो इंग्लंडात डर्बीशायरकडे सतराव्या शतकाच्या मध्यापासून माल्ट सुकवायला वापरू लागले. आच सम मिळाली, धूर गेला, माल्ट उजळ राहिलं. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘पेल एल’ हे नाव रुळलं ते त्या काळच्या काळपट बिअरच्या तुलनेत. रूपाच्या रकान्यात ‘फार फिकट नाही’ म्हणून गुण कापणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

आता हिंदुस्थानचा धागा. लंडनच्या बो ब्रुअरीतल्या जॉर्ज हॉजसननं आपल्याकडे पाठवण्यासाठी मुद्दाम इंडिया पेल एल शोधून काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला ती पटत नाही, कारण भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून मुरवत ठेवायच्या कडक बिअर इंग्लंडात आधीपासून होत होत्या. हॉजसनची जागा मोक्याची होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत, त्या धक्क्याजवळच त्याचा कारखाना होता आणि तो कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून पिंपं महिनोन्‌महिने हेलकावत यायची. हॉप्समधली कडू द्रव्यं दूध-बिअर नासवणाऱ्या जातीच्या जिवाणूंना आवर घालतात, म्हणून ती बिअर टिकली आणि प्रवासात मुरलीही.

१८२२ च्या सुमाराला कंपनीच्या एका संचालकानं बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला ही बिअर दाखवली. त्याच्या माणसानं पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत बनवून पाहिला. किटली खरी असो नसो, बर्टनचं पाणी मात्र खरं महत्त्वाचं. त्यात जिप्सम हे खनिज भरपूर. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा जिभेवर रेंगाळत नाही, लख्ख येतो आणि सुटतो. आजही जगभरचे बिअर बनवणारे पेल एलसाठी पाण्यात जिप्सम घालतात. चवीच्या रकान्यातले २० गुण देताना मी आधी हेच बघतो, की कडूपणा स्वच्छ आहे की घशाशी चिकटून बसतो. कडुनिंबाचा पाला चावलेल्या माणसाला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आपल्या दाराशी याचं एक टोक आहे. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. पेल एलची मोठी सद्दी नेमकी याच काळातली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत साध्या शिपायांच्या वाट्याला मुख्यतः काळी पोर्टर यायची, तर पेल एल ही साहेबलोकांच्या टेबलावरची. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, त्याआधी बंदरावरचा माल इथवर बैलगाडीनं यायचा. पुढे बर्फ आणि थंडगार लागर आली, आणि नावात इंडिया असलेली बिअर इंडियातूनच मागे पडली.

बिअरमधला ग्रेपफ्रूटचा वास मात्र इंग्लंडातला नाही, तो अमेरिकेतला. ओरेगनमध्ये तयार केलेलं हॉप्सचं कॅस्केड नावाचं वाण १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. जुन्या इंग्रजी हॉप्सना माती-गवताचा, फुलांचा वास. कॅस्केडला आंबट फळांच्या सालीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर या बिअर कारखान्यानं १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये ते वापरलं, आणि १९८० मध्ये केन ग्रॉसमननं कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडा पेल एल बनवायला घेतली. आज क्राफ्ट पेल एल म्हणून आपल्याकडे जे मिळतं, ते बहुतांशी या घराण्यातलं.

गुणपत्रिकाही तिकडचीच. १९७८ मध्ये अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्यानं मोकळीक मिळाली, घरगुती बिअरच्या स्पर्धा वाढल्या आणि १९८५ मध्ये परीक्षकांसाठी बीजेसीपी ही संस्था निघाली. आमचे ५० गुण तिचेच. त्याच्या थोडं आधी, १९७० च्या दशकात, मॉर्टन माइलगार्ड यांनी बिअरमधल्या वासा-चवींचं चक्र आखलं होतं. त्यामुळे दोषांना नावं मिळाली: लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. हे सगळं आपल्याला कळतं. पण उजेडात राहिलेल्या बाटलीला येणाऱ्या वासासाठी शब्द आहे ‘स्कंक’, आणि तो दुर्गंधी सोडणारा प्राणी अमेरिकेतला. तिथल्या माणसानं नाकानं अनुभवलेलं त्यानं लिहिलं, ते बरोबरच आहे. आपण मात्र न हुंगलेल्या वासाचं नाव लिहून गुण देतो, हे मला खटकतं.

महाराष्ट्रात हे वारं तसं अलीकडचं. पुण्यात डूलॅली ही स्वतःची बिअर बनवणारी जागा २००९ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे पिण्याचा परवाना अजून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच निघतो आणि शेजारचा वर्धा जिल्हा तर पूर्ण दारूबंदीचा.

त्या दिवशी वाद मिटेना, तेव्हा यजमानानं फ्रिजवरच्या टोपलीतून मृग बहाराचं एक संत्रं आणलं. साल सैल असल्यानं बोटानंच निघाली. तिचा तुकडा दुमडून दाबला, बारीक तुषार उडाले, आणि तो एकेकानं ग्लासशेजारी धरून हुंगला. लिनालूल आणि मायर्सीन ही सुगंधी द्रव्यं हॉप्समध्येही असतात आणि संत्र्याच्या सालीतही, त्यामुळे नाक फसत नव्हतं. ग्लास एव्हाना पंधरा-वीस मिनिटं बाहेर होता. आपण उन्हाळ्यापायी बिअर इतकी गार करतो की वास आतच दबून राहतो. पेल एलला सात ते दहा अंश पुरतात. आता सालीमागून बिस्किटासारखा माल्टचा वासही वर आला होता. ग्रेपफ्रूट लिहिणाऱ्यानं त्यावर काट मारून लिहिलं, ‘संत्र्याची ताजी साल, थोडं बिस्किट’, आणि वासाचे आधी दिलेले सात गुण खोडून नऊ केले.