हायड्रोट्रीटरचं मॉडेल: सल्फर ‘किती आहे’ आणि ‘किती होईल’

वाहनांच्या प्रदूषणाच्या बीएस-६ मानकामुळे १ एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत ठेवावं लागतं. बीएस-४ ला ५० चालायचं. हे सल्फर हायड्रोजन वापरून काढणाऱ्या युनिटसाठी, म्हणजे डिझेल हायड्रोट्रीटरसाठी, ‘मॉडेल’ हा शब्द सरसकट वापरला जातो. खरं तर मॉडेलं दोन जातींची. एक प्लांटच्या जुन्या नोंदींवर बसवलेलं. दुसरं कायनेटिक, म्हणजे अभिक्रियेचा वेग, हायड्रोजनचा दाब आणि कॅटॅलिस्टची (उत्प्रेरकाची) उरलेली ताकद यांची समीकरणं मांडणारं. पहिलं लवकर होतं, दुसऱ्याला मेहनत लागते. एवढा फरक सगळ्यांना कळतो.

घोळ होतो तो पुढे. ‘दोन वर्षांचा डेटा आहे, तापमान वाढवल्यावर सल्फर किती उतरेल ते तोच सांगेल,’ असं लोक छातीठोकपणे म्हणतात. नाही सांगणार!

त्या डेटात काय असतं ते बघा. कॅटॅलिस्टवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो, त्याची ताकद घटते, आणि ऑपरेटर रिअ‍ॅक्टरच्या इनलेटचं तापमान एकेक अंशाने चढवत नेतो. समजा, एका रनमध्ये, म्हणजे कॅटॅलिस्ट बदलेपर्यंतच्या काळात, ते ३४० वरून ३७५ अंश सेल्सिअस झालं आणि प्रॉडक्टचं सल्फर मात्र सतत ८ पीपीएमच्या आसपास राहिलं. रिग्रेशन, म्हणजे नोंदींमधला संबंध शोधणारं गणित, म्हणणार, तापमानाचा सल्फरशी संबंध नाही. त्यात फीडमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या तेलात, एलसीओ (क्रॅकिंग युनिटमधून येणारं लाइट सायकल ऑइल) वाढला की ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफीनसारखे चिवट रेणू येतात. सल्फर वर जातं आणि त्याच पाळीत तापमानही वाढवलं जातं. आता गणित उलटंच शिकतं: तापमान वाढलं की सल्फर वाढतं. असं मॉडेल ऑप्टिमायझरच्या, म्हणजे सेटिंग ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती दिलं तर तो तापमान उतरवेल आणि टाकीतलं डिझेल सल्फरच्या मर्यादेबाहेर जाईल.

कायनेटिक मॉडेलमध्ये तापमानाचा परिणाम आणि कॅटॅलिस्टचं थकणं वेगवेगळं धरलेलं असतं. पहिला पायलट प्लांटवरून किंवा स्टेप टेस्टवरून, म्हणजे तापमान मुद्दाम थोडं बदलून, ठरवायचा, दुसरं रोजच्या नोंदींवरून काढत राहायचं. म्हणूनच ‘एलसीओ वाढवला तर रन किती दिवसांनी कमी होईल?’ हा प्रश्न त्यालाच विचारावा.

लॅबचे दोन नमुने येण्याच्या मधल्या वेळात सल्फर किती आहे, याचा अंदाज डेटावरचं मॉडेल छान देतं, आणि त्या कामाला मी तेच वापरीन. पण नुसता आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल नोंदींशी किती जुळतं त्याचा आकडा, दाखवून तापमानाचे निर्णय त्याच्यावर सोपवणं मला अजिबात पटत नाही. मॉडेल घेण्याआधी फीड, त्याचा प्रवाह आणि दाब स्थिर ठेवून तापमान दोन-तीन अंश हलवा, सल्फर स्थिरावू द्या आणि मॉडेलचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा.