पैसे नाही घेतले म्हणजे जाहिरात नाही? असं नसते भाऊ

परवा धरमपेठेत एका सावजी हॉटेलात बसलो होतो, बाजूच्या टेबलावर एक पोरगा मटणाच्या तर्रीवर मोबाईल धरून व्हिडिओ काढत होता, बिल काही त्याला आलंच नाही, अन् रात्री बघतो तर पोस्ट, "मनापासून सांगतो, नागपुरातलं बेस्ट सावजी". मित्राला म्हटलं ही जाहिरात आहे, तर तो म्हणे काहून बे, पैसे कुठं घेतले त्यानं?

हाच गैरसमज कधीचा फिरून राहिला. जाहिरातवाल्यांच्या ॲस्की संस्थेचे २०२१ चे नियम घ्या नाहीतर केंद्र सरकारचे जानेवारी २०२३ चे, फुकट जेवण, गिफ्ट, ट्रिप सगळं त्यात धरलंय, आणि ते ठळक सांगावं लागतं, वीस हॅशटॅगच्या गर्दीत कोंबून चालत नाही. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड, परत केली तर ५० लाखांपर्यंत. गूगलसुद्धा वेबसाइटवाल्यांना पैसे घेऊन दिलेल्या लिंकच्या कोडात "स्पॉन्सर्ड" टॅग लावा म्हणतं.

आता पेड म्हणजे खोटंच, असंही नाही हं. "जेवण फुकट होतं, रस्सा झकास, भाकरी वातड" असं लिहिणाऱ्याचं मी तरी ऐकतो.